वरच्या बागेचं पाणी

जानेवारी सरता सरता राजानंद खरातांची खालची बाग फुलांनी पांढरी झाली आणि वरची बाग हिरवीगार राहिली. परक्या माणसाला हिरवी बाग बघून बरं वाटलं असतं. मोसंबीवाल्याच्या मात्र ती डोळ्यांत खुपते. डिसेंबरभर झाडाचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळेपर्यंत काळीज घट्ट करून बघत राहायचं, आणि मग वेळ आली की पाणी सोडायचं, म्हणजे फांद्या फुलांनी लगडतात. याला ताण म्हणतात. मध्येच कुणी पाणी पाजलं की झाड ताण विसरतं, नवी पानं काढतं आणि फुलांचं नाव घेत नाही. वरच्या बागेच्या एकशे चाळीस झाडांनी तेच केलं होतं.

हे कुणामुळं झालं ते रुईखेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण राजानंदतात्यांनीच ते भर देवळात सांगितलं होतं.

रुईखेड्याचं देऊळ म्हणजे पत्र्याचं, बावीस ख्रिस्ती घरांच्या मंडळीचं. पाळकसाहेब जालन्याहून महिन्याच्या पहिल्या रविवारी येत, प्रभुभोजनाची भाकरी देत. बाकीचे रविवार तात्या चालवत. वय अठ्ठावन्न, आवाज खणखणीत, आणि प्रार्थना अशी लांब की चुलीवर वरण ठेवून आलेल्या बायका पत्र्याकडं बघत बसत. "हे प्रभू, मी धूळ आहे, मी माती आहे," असं ते दर रविवारी म्हणत. त्यांना कुणी चुकून पाठीमागच्या सतरंजीवर बसवलं असतं, तर या धुळीनं महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी दुपारी देवळातून घरी येता येता तात्यांनी वरच्या बागेत पाणी चमकताना बघितलं. ते धावत पाण्याच्या मोटारीपाशी गेले. लाईट दहालाच आली होती. तीन तास मोटार चालू होती आणि झाडांची आळी काठोकाठ भरली होती. बागेत पाणी द्यायचं काम सोमेश्वरचं. अकरा वर्षं तो त्यांच्याकडं होता, त्याच मंडळीतला होता, आणि देवळात ढोलकी वाजवायचा. तो वाजवायला लागला की म्हाताऱ्यांच्याही माना डोलायच्या.

पुढच्या रविवारी पहिलं भजन सुरू व्हायच्या आधी तात्या उठले आणि वरच्या बागेत सोमेश्वरनं पाणी सोडलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"म्या पाण्याला हात न्हाई लावला, तात्या," सोमेश्वर बसल्या जागेवरून म्हणाला. "शनवारी म्या अंबडला गेल्तो. पोरीचा, अक्षताचा, दाखला काढायचा व्हता सेतू केंद्रात. तुमीच सुट्टी दिल्ती."

"अन् संध्याकाळी आल्तास ना? कॉक कुणी उघडला मंग? भुतानं?" तात्या पुढं झाले आणि त्यांनी त्याच्या मांडीवरची ढोलकी काढून घेतली. "देवाच्या घरात वाजवायचं अन् तोंडानं खोटं बोलायचं, हे माझ्यासमोर चालणार न्हाई."

सोमेश्वरचे दोन्ही हात वाजवायच्या बेतानं तसेच मोकळे राहिले. मग त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले. त्याची बायको नंदाबाई बायकांच्या बाजूनं उठली, लेकीचा हात धरून बाहेर पडली, आणि पाठोपाठ तोही गेला. दोन दिवसांनी कळलं की दोघं अंकुशनगर रोडच्या एका ऊसतोड टोळीत लागली.

*

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी तात्या वरच्या बागेचं पाणी बंद करायला गेले. आता या बागेला फुलं येणार नाहीत, निदान पाणी तरी वाचवावं. बागेकडं पाणी सोडणारा पाइपावरचा कॉक त्या दिवसापासून उघडाच होता. भोवती हरळी माजली होती. तात्यांनी खाली बसून विळ्यानं ती कापली, पाइप मोकळा केला आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

पाइपावर निळसर पांढरा हात उमटला होता. मोरचूद आणि चुन्याचा लेप, झाडांच्या बुंध्यांना लावतात तो. डाव्या हाताचा ठसा होता. अंगठा, अर्धं बोट, आणि मग तीन पुरी बोटं.

तात्यांचं डाव्या हाताचं पहिलं बोट वीस वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत अर्धं गेलं होतं.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. बांधावर कुणी नव्हतं. मग त्यांनी हात पाइपावर ठेवून बघितला. खरं म्हणजे ठेवून बघायची गरज नव्हती. हात बरोबर बसला.

आणि मग सगळं आठवलं. शनिवारी सोमेश्वर नाही म्हणून लेप ते स्वतः लावत होते. वरच्या अंगाला लेपाचा ड्रम होता, त्यात पाणी हवं होतं, आणि लाईट नव्हती. त्यांनी डाव्या हातानं पाइप धरून उजव्यानं कॉक उघडला, मोटारीचं बटण ऑटोवर टाकलं, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी. तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. देवळाच्या पन्नासाव्या वर्षाच्या कार्यक्रमाचा अध्यक्ष कोण, यावर चाळीस मिनिटं बोलणं झालं, आणि अध्यक्ष तात्याच ठरले. ते बोलत बोलत घरी गेले. दुसऱ्या दिवशी देवळात डोळे मिटून ते धूळ आणि माती म्हणत होते, तेव्हा इकडं त्यांचीच मोटार धो धो चालू होती.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जिची त्यांना पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. त्यांनी गोणपाट ओलं केलं आणि ठसा घासायला सुरुवात केली. लेप पावसात टिकावा म्हणूनच लावतात, तो असा निघत नाही. त्यांनी दगडानं खरवडला. तीन बोटं गेली, अंगठा गेला. अर्धं बोट काही जाईना.

"काय करून राह्यले?" मागून आवाज आला. त्यांची बायको बेबीनंदा भाकरी घेऊन आली होती.

"काय न्हाई. पाइप साफ करून राह्यलो."

बेबीनंदानं पाइपाकडं बघितलं. मग नवऱ्याच्या हाताकडं बघितलं. तिनं भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं आणि घराकडं वळली. तिनं भांडण केलं असतं तर तात्यांना बरं वाटलं असतं.

*

बुधवार आणि गुरुवार तात्यांच्या जिवाला चैन पडलं नाही. खाली बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जायचं ते सुचत नसे. खालच्या बागेत फुलांचा वास इतका दाटला होता की मधमाश्यांच्या आवाजानं कान भरून जात, आणि त्या वासानं तात्यांचं डोकं दुखायचं. कॉक बंद करायला दोनदा गेले आणि दोनदा बांधावरूनच परत आले. येत्या रविवारी प्रभुभोजन होतं. मंडळीची रीत जुनी होती. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी ते मिटवायचं, मग भाकरीला हात लावायचा. दुसऱ्या कुणाला सबब सांगून मागं बसता आलं असतं. तात्यांच्या हातात तर भाकरीचं ताट असायचं.

गुरुवारी त्यांनी उपास धरला. दुपारी आतल्या खोलीत गुडघ्यावर बसून देवाजवळ सगळं कबूल केलं. कॉक, ऑटो, फोन, सगळं. आवाज गहिवरला, डोळ्यांत पाणी आलं. उठले तेव्हा अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि ते चहा मागायला बाहेर आले.

"उपास सुटला का?" बेबीनंदानं विचारलं.

"देवाला सांगितलं मी सगळं."

"त्येला म्हाईतच व्हतं की," ती म्हणाली. "त्येला सांगून काय नवं केलं तुमी?"

तात्यांनी चहा अर्धाच घेतला.

शुक्रवारी त्यांनी एक कोंबडा पिशवीत घातला, मोटरसायकल काढली आणि अंकुशनगर रोडला लागले. टोळीचा फड गावापासून साडेतीन किलोमीटरवर होता. उसाच्या पाचटाच्या कोपी, म्हणजे झोपड्या, वाळत घातलेल्या साड्या, लंगडं कुत्रं. ट्रॉलीला फळी लावलेली होती आणि डोक्यावर मोळी घेऊन माणसं तिच्यावरून वर चढत होती. सोमेश्वर त्यांच्यात होता. तीन आठवड्यांत त्याची मान बारीक झाली होती. गालांवर उसाच्या पानांनी ओरखडे काढले होते. ज्या बोटांनी ढोलकी वाजायची त्यांना चिंध्या बांधल्या होत्या.

तात्यांनी काय बोलायचं ते वाटेत तीनदा म्हणून बघितलं होतं. म्हणताना ते सरळ होतं. तोंडून निघालं ते असं:

"सोमेश्वर, झालं गेलं जाऊ दे. माझ्या मनात आता काय न्हाई. म्या तुला माफ केलं. ऐतवारी ये देवळात."

बोलता बोलताच त्यांना कळलं की काहीतरी भलतंच बोललं गेलं. पण शब्द बाहेर पडले होते, आणि ऐकायला चांगले वाटत होते.

सोमेश्वरनं मोळी खाली टाकली. "पाणी म्या सोडल्तं का, तात्या?"

तात्यांनी पिशवीतल्या कोंबड्याकडं बघितलं. "आता ते जुनं कशाला उकरायचं..."

"मंग माफी कशाची दिली?"

नंदाबाई कोयता घेऊन उसातून बाहेर आली. "कशाची म्हंजे? मोठ्या माणसाची माफी हाय ती, घ्यावी की दोन्ही हातांनी! तात्या, तुमचा कोंबडा घेऊन जा. आमच्या पोरीला आता देवळात जायला लाज वाटती. कोंबडा खाऊन जाती का ती लाज?"

टोळीतली माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. मुकादमानं "ए, चला चला" केलं. सोमेश्वरनं मोळी पुन्हा उचलली आणि फळी चढायला लागला. तात्या मोटरसायकल सुरू करायला गेले तर ती सुरू होईना. सहा किका मारल्या. लोक बघत राहिले. सातव्या किकेला ती लागली.

शनिवारी त्यांना ताप आल्यासारखं झालं. उद्या आजारी पडावं, असंही एकदा मनात आलं. बेबीनंदानं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप न्हाई तुमाला. सदरा धुतलाय पांढरा, खुंटीला हाय."

*

रविवारी देऊळ भरलं होतं. पाळकसाहेब तरुण होते, तिशीतले, जालन्याहून पहिल्या बसनं आले होते. ढोलकी कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. तीन रविवार भजनं नुसत्या टाळ्यांवर चालली होती, आणि टाळ्यांचा ताल कुठंच्या कुठं जात होता. ढोलकीवर धूळ बसलेली तात्यांना त्यांच्या जागेवरूनही दिसत होती.

पाळकसाहेबांनी ताट त्यांच्या हातात दिलं. पांढऱ्या रुमालाखाली भाकरीचे तुकडे होते. "खरात तात्या प्रार्थना करतील," ते म्हणाले, आणि बायकांनी सवयीनं मांडी बदलून नीट बैठक मारली.

तात्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू," ते म्हणाले. "हे प्रभू, मी..."

धूळ हा शब्द तोंडात आला आणि तिथंच अडला. अर्ध्या बोटाखाली ताटाची थंड कड लागत होती. बाहेर कुणाचं तरी करडू ओरडलं. तात्यांनी डोळे उघडले, आणि प्रार्थनेत डोळे उघडलेला माणूस बघून समोरच्या दोन पोरी हसल्या.

"वरच्या बागेचा कॉक म्या उघडल्ता," तात्या म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता, बारीक आला. "मोटार म्याच ऑटोवर टाकली. अन् इसरलो. सोमेश्वरनं काय केलं न्हाई. मंगळवारपासून मला म्हाईत हाय. म्या हाताचा ठसा खरवडून काढत व्हतो."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग प्रार्थना झाली म्हणायची का?"

हसू आलं ते लोकांनी गिळलं. तात्यांचे कान तापले. पण खरं सांगायचं तर त्यांना वाटलं, सुटलो. सगळ्यांसमोर बोललो, आता भाकरी वाटावी. त्यांनी ताट घेऊन एक पाऊल टाकलंही.

"तात्या," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "हे तुम्ही आम्हाला सांगितलं. ज्याला सांगायचं तो कुठंय?"

"फडावर."

"मग ताट ठेवा."

वयानं मुलासारखा माणूस, आणि भर मंडळीत ताट ठेवा म्हणतो. तात्यांच्या अंगातून संतापाची एक लाट गेली. बायकांच्या बाजूला बेबीनंदा बसली होती. ती खाली बघत होती, पण तिचे दोन्ही हात पदराखाली घट्ट जुळलेले दिसत होते. तात्यांनी ताट टेबलावर ठेवलं, रुमाल सारखा केला, कोपऱ्यातली ढोलकी उचलली आणि दोरी गळ्यात अडकवून बाहेर पडले.

मोटरसायकल देवळाच्या दारातच होती, हे त्यांना एस.टी. थांब्यापाशी आल्यावर आठवलं. परत फिरलं तर सगळ्यांसमोरून पुन्हा जावं लागलं असतं. ते चालतच राहिले.

थांब्याजवळच्या हॉटेलात शिवाजी चहा गाळत होता. "राजानंदराव! आज ढोलकी गळ्यात? लगीन कुणाचं?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर तात्यांनी त्याला जागच्या जागी गप्प केलं असतं. आज ते थांबले. "सोमेश्वरची हाय. म्या हिसकून घेतल्ती. द्यायला चाललो."

"त्यानं पाणी सोडल्तं म्हणून ना?"

"पाणी म्या सोडल्तं."

शिवाजीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. तात्या पुढं गेले. पुढं पिठाच्या गिरणीपाशी लोकांनी विचारलं, दूध डेअरीपाशी विचारलं, रस्त्यानं बैल घेऊन येणाऱ्या पाव्हण्यानं विचारलं. प्रत्येकाला तेच सांगावं लागलं. पहिल्यांदा जीभ जड झाली, चौथ्यांदा जरा कमी. ऊन चढलं होतं. ढोलकी गुडघ्यांवर आपटत होती आणि दोरी मानेला काचत होती. पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. प्रभुभोजनाच्या आधी काही खायचं नाही म्हणून सकाळपासून पोटात चहासुद्धा नव्हता.

*

फडावर रविवार नव्हता. कारखान्याला ऊस रोज लागतो. ट्रॉली अर्धी भरली होती आणि टोळीतला एक माणूस तापानं कोपीत पडला होता, त्यामुळं सगळ्यांचीच धांदल उडाली होती. सोमेश्वर ट्रॉलीवर उभा राहून मोळ्या रचत होता.

तात्या खाली उभे राहिले. "सोमेश्वर! पाणी तू न्हाई सोडलं. कॉक म्या उघडला, ऑटो म्या टाकला. देवळात सांगून आलोय. तुझ्यावर आळ घेतला तो खोटा व्हता."

टोळी थांबली. नंदाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. सोमेश्वरनं वरून बघितलं, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "बरं."

मग त्यानं पुढच्या मोळीला हात घातला.

तात्या उभेच राहिले. त्यांनी काय धरलं होतं मनात? की तो खाली उतरेल, पाया पडू पाहील, आणि आपण त्याला वर उठवू. हो, तसंच काहीतरी धरलं होतं. साडेतीन किलोमीटर चालूनही ते मनातून गेलं नव्हतं. "मंग... येतोस का?" त्यांनी विचारलं.

"कसा येऊ, तात्या? एक गडी कमी हाय. गाडी भरायची हाय."

घरी जाता आलं असतं. जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि पाळकसाहेबांनीही यापेक्षा जास्त सांगितलं नव्हतं. तात्यांनी गळ्यातली ढोलकी काढून बाजूला पाचटावर ठेवली, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि एका मोळीपाशी जाऊन वाकले. मोळी हलली नाही. पुन्हा जोर लावला. ती गुडघ्यापर्यंत आली आणि पडली. टोळीतली एक बाई खुदकन हसली.

नंदाबाई पुढं आली. तोंड घट्टच होतं. तिनं एका फडक्याची चुंबळ वळली आणि तात्यांच्या डोक्यावर ठेवली. ज्या डोक्याला देवळात सगळे मान देत, ते तिनं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. मग तिनं आणि दुसऱ्या एका बाईनं मोळी उचलून त्यावर दिली.

फळी पायाखाली लवत होती. उसाची पाती तात्यांच्या डोळ्यांत जात होती. त्यांना वर बघता येत नव्हतं, फक्त पुढचं पाऊल दिसत होतं. निम्म्यावर वाटलं, आता पडणार. देवाचं नाव घ्यायलाही दम उरला नाही. तेवढ्यात वरून चिंध्या बांधलेले दोन हात आले आणि मोळी हलकी झाली.

दुसरी मोळी झाली, चौथी झाली. मोजणं सुटलं. दुपारी नंदाबाईनं भाकरीचा चतकोर आणि ठेचा त्यांच्या हातावर ठेवला. सगळे पाचटावर बसून खात होते, तात्याही बसले. भाकरी कोरडी होती, घशाला लागत होती. ती त्यांनी कण न सांडता खाल्ली.

सोमेश्वर पाणी प्यायला उठला आणि त्याला ढोलकी दिसली. तो तिच्यापाशी गेला, उकिडवा बसला, तिच्या चामड्याच्या पानावरून तळहात फिरवला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तात्या," तो म्हणाला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "ढोलकी अशी उन्हात ठेवत असतेत का? पान तडकतं की! येवढंबी कळत न्हाई का तुमाला?"

सगळी टोळी तात्यांकडं बघायला लागली.

"चुकलं," तात्या म्हणाले. "चुकलं माझं, सोमेश्वर."

शब्द बाहेर पडला तेव्हा तो कशाबद्दल होता ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आठवडाभर त्यांनी सगळं कबूल केलं होतं, कॉक, मोटार, ठसा, आळ. हा एवढा एक शब्द मात्र कुणापुढं आला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि या खेपेला त्यांनी ते मिटले नाहीत.

सोमेश्वरनं ढोलकी उचलून ट्रॉलीच्या सावलीत नेली, आपल्या टॉवेलानं तिच्यावरची धूळ पुसली आणि टॉवेल तिच्यावरच झाकून ठेवला.

"पुढल्या ऐतवारी येतो," तो म्हणाला. "पण प्रार्थना जल्दी आटपा. नंदा वरण चुलीवर ठेवून येत असती."

मुकादमानं हाक मारली. तात्या गुडघ्यावर हात देऊन उठले, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पुढच्या मोळीपाशी जाऊन वाकले.